बोटीवरचे बाबा आणि नऊ गाणी

आधीच कबूल करून टाकतो. कंट्री म्युझिक या प्रकाराशी माझा संबंध इंजिनियरिंगच्या हॉस्टेलपुरताच होता. प्रत्येक हॉस्टेलवर एक गिटारवाला असतो. त्याला मोजून चार कॉर्ड येतात आणि त्या चार कॉर्डच्या जिवावर तो जॉन डेन्व्हरचं 'टेक मी होम, कंट्री रोड्स' चार वर्षं वाजवतो. वेस्ट व्हर्जिनिया नकाशात दाखव म्हटलं तर आफ्रिकेवर बोट ठेवतील अशी आमची पोरं, सबमिशनच्या आदल्या रात्री डोळे मिटून त्या गाण्यात घरच्या आठवणीने व्याकूळ वगैरे व्हायची. संपलं आमचं कंट्री. त्यापलीकडे म्हणजे हॅट, बूट, ट्रक, बियर आणि सोडून गेलेली बायको. एवढंच.

तर असा मी, गेले तीन आठवडे एकच कंट्री अल्बम ऐकतोय. हापिसात जाताना, येताना, रात्री भांडी घासताना. बायकोला सातवा महिना लागलाय, त्यामुळे भांडी माझ्याकडे आहेत. नऊ गाणी, सगळी मिळून चाळीस मिनिटांच्या आत. एका वेळच्या भांड्यांना बरोब्बर पुरतात.

झालं असं. आमचा क्लायंट नॅशव्हिलचा आहे. हॉस्पिटलांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर. त्यांच्या बाजूला टेस्टिंग बघणारे एक साठीच्या घरातले गृहस्थ आहेत. शुक्रवारच्या कॉलवर आमच्याच टीममधल्या कुणीतरी माझी 'गुड न्यूज' जाहीर करून टाकली. सगळ्यांनी अभिनंदन केलं. हे गृहस्थ मात्र जरा थांबून म्हणाले, बाप होणार असशील तर एक अल्बम ऐक, स्टर्जिल सिम्पसनचा 'अ सेलर्स गाईड टू अर्थ'. मी बरं म्हटलं. नॅशव्हिलचा माणूस कंट्री सुचवणार, यात काय नवल? आपण नाही का पुण्यात आलेल्या प्रत्येकाला मिसळ सुचवत.

त्या रात्री हेडफोन लावले. आणि सुरुवातीलाच समुद्र. पाणी, बोटीचा आवाज, घंटा. मग हळूच पियानो, व्हायोलिनांचा ताफा, आणि त्यावर एक भारदस्त, जरासा नाकातून येणारा आवाज. एक बाप नुकत्याच जन्मलेल्या मुलाशी बोलतोय. पृथ्वीवर ये, स्वागत आहे, आणि मी तुझ्याजवळ नाही याबद्दल माफ कर, असा एकंदर सूर. मी म्हटलं, ठीक, अंगाईसारखं काहीतरी आहे. आणि अर्ध्यावर गाणं एकदम उसळलं. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम. मघाचा हळवा बाप गेला कुठे आणि ही वरात आली कुठून, कळेना! गाणं चुकून बदललं की काय म्हणून मी मोबाईल बघितला. तेच गाणं होतं.

हॅट नाही, ट्रक नाही. हे कंट्री?

आता एखादी गोष्ट कळली नाही की ती मुळापासून उकरायची ही आपली व्यावसायिक सवय. त्यामुळे उकरली.

स्टर्जिल सिम्पसन हा केंटकीचा माणूस, जन्म १९७८ चा. वडील राज्य पोलिसात. शाळेनंतर हा अमेरिकेच्या नौदलात शिरला, जपानमध्ये राहिला, मग बाहेर पडला. पुढे युटा राज्यात रेल्वेच्या यार्डात नोकरी केली. गाणं होतंच, पण पोट भरणारं नव्हतं. पहिला अल्बम 'हाय टॉप माउंटन' आला २०१३ साली, म्हणजे वयाच्या पस्तिशीत. आपल्याकडे पस्तिशीला माणूस होमलोनचा तिसरा प्रीपेमेंट करत असतो.

पुढच्याच वर्षी दुसरा अल्बम आला, 'मेटामॉडर्न साउंड्स इन कंट्री म्युझिक', आणि त्याने याचं नाव झालं. हे दोन्ही अल्बम डेव्ह कॉब या निर्मात्याबरोबर केलेले. आवाज असा की जुने लोक म्हणाले, अरे हा तर वेलन जेनिंग्ज! वेलन जेनिंग्ज म्हणजे सत्तरच्या दशकातल्या 'आउटलॉ' कंट्रीचा बडा माणूस, नॅशव्हिलच्या गुळगुळीत गाण्यांविरुद्ध बंड करणाऱ्यांपैकी एक. त्यामुळे सिम्पसनकडे लोक 'खरं कंट्री वाचवणारा' म्हणून बघायला लागले. आता हा असंच करत राहणार, गिटार, पेडल स्टील आणि तो जाडसर आवाज, आपण निश्चिंत. (पेडल स्टील म्हणजे टेबलासारखी आडवी ठेवून वाजवायची गिटार. कंट्रीमध्ये जो एक लांबवर ओढल्यासारखा, रडवा सूर येतो ना, तो तिचा.)

आणि मग एप्रिल २०१६ मध्ये अटलांटिक रेकॉर्ड्सकडून हा तिसरा अल्बम. या वेळी निर्माता तो स्वतःच. वाद्यमेळात 'द डॅप-किंग्ज'ची ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाली मंडळी. हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचा सोल-फंक वाजवणारा बँड, शॅरन जोन्स या गायिकेचा. म्हणजे कंट्रीशी तसा काही संबंध नाही. शिवाय भरपूर व्हायोलिनं. मध्येच निर्वाणा या रॉक बँडच्या १९९१ च्या 'इन ब्लूम' गाण्याची एक संथ, उदास आवृत्ती. चाहते चक्रावले असणार. चांगली चाललेली सिस्टीम कोण रीराइट करतं?

मलाही हाच प्रश्न पडला होता. याचं उत्तर एका पत्रात आहे.

सिम्पसनचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागराच्या बाजूला लढत होते. आपण आता परत जात नाही असं वाटून त्यांनी घरी बायकोला आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळाला एक पत्र लिहिलं, निरोपाचं. ते परत आले, ही पुढची गोष्ट. पण ते पत्र घरात राहिलं. २०१४ मध्ये सिम्पसनला मुलगा झाला आणि नेमका त्याच वर्षी दुसरा अल्बम गाजला. म्हणजे ज्या यशाची पस्तीस वर्षं वाट बघितली ते आलं, आणि त्याच्याबरोबर गावोगावचे दौरे. मुलगा घरी, बाप बसमध्ये. तेव्हा त्याने आजोबांच्या पत्राचा साचा घेतला आणि अख्खा अल्बम म्हणजे समुद्रावरच्या खलाशाने घरी मुलाला आणि बायकोला लिहिलेलं पत्र असं रचलं. एक गाणं संपून दुसरं सुरू होतं ते कळतही नाही, कारण पत्रात कुठे मध्ये थांबा असतो?

इथपर्यंत वाचलं आणि मी लॅपटॉप बंद केला. कारण आता गोष्ट माझ्या घरात शिरली होती.

माझे बाबा बोटीवर होते. आमच्या रत्नागिरीकडे 'बोटीवर आहेत' एवढं म्हटलं की पुढे काही विचारत नाहीत, सगळ्यांना कळतं. नौदल नव्हे, मालवाहू बोटी. इंजिनरूममध्ये ऑइलर. नऊ-नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मग दोन-तीन महिने घरी, मग परत. माझ्या आयुष्याची पहिली अठरा वर्षं घेतली तर बाबा घरी किती होते याचा हिशोब मी कॉलेजात असताना एकदा चिडून केला होता. साडेचार वर्षं भरली. तेव्हा तो आकडा मी आईला ऐकवला. आई म्हणाली, "आणि तुझी फी किती भरली तो हिशोब केलास का?" विषय संपला.

असो. तर अल्बमच्या पहिल्याच गाण्याच्या नावात एक शब्द आहे, 'पॉलीवॉग'. शब्दशः अर्थ बेडकाचं पिल्लू. पण दर्यावर्दी लोकांच्या भाषेत ज्याने अजून विषुववृत्त ओलांडलेलं नाही असा नवखा खलाशी. ओलांडलं की समारंभ होतो आणि तो 'शेलबॅक' होतो, म्हणजे पाठीवर कवच आलेला. सिम्पसन आपल्या पोराला पॉलीवॉग म्हणतो. अजून काहीच ओलांडलेलं नाही असा.

हे वाचताना मला आमच्या घरची पत्र्याची ट्रंक आठवली. तिच्यात बाबांच्या कागदपत्रांत एक सर्टिफिकेट होतं, वर त्रिशूळवाल्या दाढीवाल्या म्हाताऱ्याचं चित्र. लहानपणी मला तो शंकर वाटायचा. शंकराला दाढी का, एवढाच प्रश्न होता. रविवारी बाबांना फोन लावला.

"बाबा, ते ट्रंकेतलं सर्टिफिकेट विषुववृत्ताचं आहे का हो?"

"हो रे. तुला कुणी सांगितलं?"

"एका गाण्यात आलं."

"गाण्यात?" मग हसले. बाबा फोनवर सहसा हसत नाहीत. फोन म्हणजे अजूनही त्यांना मिनिटाचे पैसे पडतात असं वाटतं. "आधी सात-आठ वर्षं मी गल्फच्या लाईनला होतो. ती सगळी वरच्या वर. सिंगापूरपर्यंत गेलास तरी लाईन ओलांडत नाहीस तू, थोडक्यात राहते. मग दक्षिण आफ्रिकेची ट्रिप लागली, कोळशाला. रिचर्ड्स बे. तेव्हा ओलांडली. चीफ कुक नेपच्यून झाला होता, डोक्यावर पत्र्याचा मुकुट. आम्हा नवीन लोकांना ग्रीस फासलं, गॅलीतलं खरकटं ओतलं, अर्धं डोकं भादरलं आणि वरून होसपाइपने पाणी."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तू दीड वर्षाचा होतास. काय सांगायचं? घरी येईपर्यंत केस आले होते. तू मला काका म्हणालास."

हे शेवटचं वाक्य बाबांनी केसांच्या वाक्याला जोडूनच सांगितलं. त्याच सुरात. पुढे विचारलं, नारळ पाठवू का दहा-बारा? मी हो म्हटलं.

बोटीवरच्या बापांची पोरं बापाला काका म्हणतात हा कोकणात विनोदाचा विषय आहे. मीसुद्धा दुसऱ्यांच्या पोरांचे असे किस्से सांगून हशे घेतलेत. माझा किस्सा मला सत्तावीस वर्षांनी कळला.

त्यानंतर अल्बम ऐकणं बदललं. तिसरं गाणं 'कीप इट बिटवीन द लाइन्स' मी आधी उडवून लावत होतो. कारण त्यात नुसते उपदेश आहेत हो! शाळा सोडू नकोस, नशापाणी करू नकोस, रेषेच्या आत राहा, म्हणजे गाडी आखलेल्या पट्ट्यांच्या मधून चालव. वडील पोलीस होते हे लगेच लक्षात येतं. हे काय काव्य झालं? याच्यापेक्षा आमच्या शाळेच्या भिंतीवरचे सुविचार बरे.

पण बाबांच्या कॅसेट आठवल्या. मी पहिली-दुसरीत असेन तेव्हा बाबा बोटीवरून कॅसेट भरून पाठवायचे. बोटीवरून साइन ऑफ होऊन घरी येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ती यायची. पत्र लिहायचा त्यांना कंटाळा, आणि बंदरावरचा फोन महाग. आम्ही टेपरेकॉर्डरभोवती बसायचो. आणि त्यात काय असायचं? आईला त्रास देऊ नकोस. गणिताकडे लक्ष दे. विहिरीकडे जायचं नाही. दूध पी. मग खूप वेळ काही नाही. मग पुन्हा, गणिताकडे लक्ष दे. मला अपेक्षा असायची देवमाशांची, वादळांची, चाच्यांची. माणूस सगळं जग फिरतोय आणि सांगतोय काय, दूध पी!

आता कळतंय, दुरून दुसरं काही पाठवताच येत नाही. देवमासा पाहिला हे सांगून तुम्ही आज बाप होत नाही. विहिरीकडे जाऊ नकोस म्हटल्यावर निदान त्या दिवसापुरते होता. सिम्पसनला हे ठाऊक आहे. शब्द साधेच, घासून गुळगुळीत झालेले. आणि म्हणूनच त्यांच्यामागे ती ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनची फौज उभी केली आहे. उपदेश करणाऱ्या त्या बापाच्या पोटात जे काय ढवळत असेल ते सगळं वाद्यांत आहे, शब्दांत नाही. वाद्यं काढून टाका, उरेल तो सुविचार. शब्द काढून टाका, तरी बाप उरतो.

माझ्या मते या अल्बमच्या नव्या आवाजाचं कारण हे आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर, आर्किटेक्चर उगाच बदललेलं नाही, रिक्वायरमेंट बदलली. आधीचे दोन अल्बम हा माणूस स्वतःबद्दल बोलत होता, आणि स्वतःबद्दल बोलायला गिटार आणि पेडल स्टील पुरतं. तो एकटा बसलेल्या माणसाचा आवाज आहे. आता समोर एक बाळ आहे. त्याला झोपवायचं आहे, हसवायचं आहे, भीतीही घालायची आहे. त्याला एकटेपणाचा सूर ऐकवून काय करू? म्हणून झोपवायला व्हायोलिनं, नाचवायला ट्रम्पेट. जुनं टाकलेलंही नाही. 'सी स्टोरीज' हे नौदलाच्या दिवसांचं, आग्नेय आशियातल्या बंदरांचं गाणं आहे, आणि ते बरंचसं जुन्या कंट्रीच्या चालीने जातं. स्वतःची गोष्ट आली की स्टील गिटार परत!

आणि खरं सांगायचं तर हा आवाज तितका नवाही नाही. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी रॉक अँड रोलपुढे टिकायचं म्हणून चेट अॅटकिन्ससारख्या निर्मात्यांनी नॅशव्हिलमध्येच कंट्रीत व्हायोलिनांचे ताफे आणि कोरस आणले, गावाकडची फिडल आणि स्टील मागे सारली. त्यालाच पुढे 'नॅशव्हिल साउंड' म्हणायला लागले. आणि १९६२ मध्ये रे चार्ल्स या कृष्णवर्णीय, अंध, सोलच्या बादशहाने कंट्रीची गाणी घेऊन त्यांना बिगबँड आणि व्हायोलिनांचा साज चढवला. त्या अल्बमचं नाव 'मॉडर्न साउंड्स इन कंट्री अँड वेस्टर्न म्युझिक'. सिम्पसनच्या दुसऱ्या अल्बमचं नाव आठवा बरं. 'मेटामॉडर्न साउंड्स'. म्हणजे पठ्ठ्याने पाटी आधीच लावली होती, ज्यांनी ती वाचली नाही ते चक्रावले.

तरी 'हे कंट्री आहे का' हा प्रश्न काही सुटला नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये ग्रॅमीने याला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा पुरस्कार दिला. वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमच्या यादीतही तो होता, अडेल, बियॉन्से, ड्रेक आणि जस्टिन बीबर यांच्या पंगतीत. ते बक्षीस अडेलला गेलं. त्या सोहळ्यात सिम्पसन डॅप-किंग्जबरोबर 'ऑल अराउंड यू' गायला. त्यांची शॅरन जोन्स तीनच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २०१६ मध्ये कॅन्सरने गेली होती. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, नॅशव्हिलमध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचे पुरस्कार चालू असताना हा गडी सभागृहाबाहेर फुटपाथवर गिटार वाजवत उभा. समोर उघडी गिटारची पेटी, पेटीत ग्रॅमीची बाहुली, आणि पडतील ते पैसे नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेला. आत कंट्रीचा सोहळा, बाहेर कंट्रीचा ग्रॅमीवाला. आपल्याला तर हा माणूस जाम आवडला.

पण मी मुळात सांगत होतो ते हे नाही.

गेल्या महिन्यात मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. मेलबर्न, अठरा महिने, ऑनसाईट. जून अखेरपर्यंत पोचायचं. बायकोची तारीख जूनचा दुसरा आठवडा. "फॅमिली नंतर बोलावून घे, सहा-आठ महिन्यांत," मॅनेजर म्हणाला. वाईट माणूस नाही. त्यालाही वरून आकडा दिलेला असतो. "अशी संधी परत येत नाही," हेही म्हणाला. ऑनसाईटचे पैसे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. होमलोन अर्धं. बायको म्हणाली, "तू ठरव. मी जा म्हणणार नाही आणि जाऊ नकोस असंही म्हणणार नाही." याचा अर्थ काय ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

मागच्या शनिवारी आई-बाबा पुण्यात आले, नारळांसकट. आई बायकोजवळ बसली. मी बाबांना बाल्कनीत घेऊन गेलो, स्पीकर ठेवला आणि म्हटलं, हे ऐका. इंग्रजी शब्द फारसे कळणार नव्हते, मी अधूनमधून सांगत होतो. बाबा हात मांडीवर ठेवून, बँकेत नंबर यायची वाट बघावी तसे बसून राहिले. घंटेचा आवाज आला तेव्हा मी उत्साहाने त्यांच्याकडे बघितलं.

"बोटीची घंटा," मी म्हटलं.

"असेल," बाबा म्हणाले. "आम्हाला खाली ऐकू यायची नाही."

झालं. तीन आठवड्यांचं माझं संशोधन तिथेच पाण्यात. पुढची गाणी त्यांनी सभ्यपणे ऐकली. बायकोला उद्देशून असलेलं 'ओ सारा' लागलं तेव्हा आई चहा घेऊन आली आणि बाबांनी उगाच कुंडीतली तुळस नीट केली. मग शेवटचं गाणं आलं, 'कॉल टू आर्म्स'. हे युद्धाविरुद्धचं गाणं आहे. पोरांना सैन्यात ओढून दूरदूरच्या देशांत मरायला पाठवणाऱ्यांवर चिडून म्हटलेलं. बापाचा शेवटचा उपदेश म्हणा, की बाबा रे, माझ्यासारखा फसू नकोस. सगळी वाद्यं एकदम सुटतात. ड्रम, पियानो, गिटार, ट्रम्पेट, कुणी कुणाचं ऐकत नाही असं वाटतं आणि तरी एकाच लयीत धावतात, आणि ते वाढतच जातं. मी आवाज कमी करायला हात पुढे केला.

"राहू दे," बाबा म्हणाले. पुढे वाकून बसले होते. "हे मात्र आमचं. फुल स्पीडला इंजिन असं वाजतं."

गाणं संपलं. खाली रिक्षावाल्याचं कुणाशी तरी वाजलं होतं, ते थोडा वेळ ऐकलं. मग मी मेलबर्नचं सांगितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील जा, पैसा कमावून घे, आम्ही आहोत इथे. किंवा म्हणतील जाऊ नकोस, मी केलं ते तू करू नकोस. मला दोन्हीपैकी काहीही चाललं असतं, ठरवायचं ओझं उतरलं असतं.

बाबा म्हणाले, "आम्हाला जाऊ का नको असा प्रश्नच नव्हता. कधी, एवढाच होता. तुला विचारतायत. मग तू बघ."

आणि आत गेले.

रात्री त्यांना विचारलं, कॅसेट आहेत का हो अजून? आई म्हणाली एक आहे, ट्रंकेत, पण घरघरते फार. मला ती घरघर पक्की आठवते. बाबांच्या प्रत्येक कॅसेटमध्ये त्यांच्या आवाजामागे सतत एक जाड घरघर असायची. मी टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिट लावून पुसायचो, तरी जायची नाही. टेप खराब आहे असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

टेप खराब नव्हती. ते इंजिन होतं. दूध पी, गणिताकडे लक्ष दे, आणि मागे रात्रंदिवस न थांबणारं ते इंजिन. बाबांचंही सगळं वाद्यांतच होतं. मी ते कापसाने पुसत बसलो होतो.

सोमवारी मॅनेजरला सांगितलं, सहा महिन्यांनी असेल तर बघू, आत्ता नाही. तो म्हणाला तोवर जागा राहणार नाही, दुसऱ्याला द्यावी लागेल. म्हटलं द्या. अप्रेझलला याचं काय होईल ते होईल. मोठा त्याग केला वगैरे मला अजिबात वाटत नाही. शनिवारी ईएमआयचा मेसेज आला तेव्हा पोटात गोळा आलाच. आणि बाबा चुकले होते असंही वाटत नाही. त्यांच्या त्या नऊ-नऊ महिन्यांवरच तर मी असा 'नको' म्हणण्याइतका सुखात आहे.

सिम्पसनचं म्हणाल तर तो याच आवाजावर थांबला नाही. २०१९ मध्ये कर्कश रॉकचा अल्बम काढला, २०२० मध्ये स्वतःचीच जुनी गाणी ब्लूग्रास पद्धतीने गाऊन दाखवली, आणि २०२४ मध्ये तर नावही बदलून 'जॉनी ब्लू स्काइज' म्हणून नवा अल्बम केला. ज्यांना त्याने एकच काहीतरी करत राहावं असं वाटतं ते अजून वाट बघतायत.

तो २०१४ चा पॉलीवॉग आता चांगला मोठा झाला असेल. त्याने हा अल्बम ऐकला असेल का, आणि ऐकून उपदेश फार आहेत असं म्हणाला असेल का, कोण जाणे. माझा पॉलीवॉग, किंवा माझी, जूनमध्ये येतेय. पहिल्यांदा काय म्हणायचं ते ठरलं नाही अजून. काका म्हणू नये एवढीच अपेक्षा आहे.

चला, भांडी पडलीयेत.